इंजिन गेलं आणि मोबाईलवाल्यांना वाट मोकळी झाली

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या मावसभावाचं छोटं मशीन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्रीतून बिडाची कास्टिंगं येतात, तो ती मापात आणतो आणि पुढं कोल्हापूर-पुण्याला पाठवतो. परवा एका लग्नात जेवणं झाल्यावर त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर निळ्या रंगाची एक चकचकीत गाडी.

“हे तेच शाओमी काय रे? आमच्या आईकडं फोन हाय, ते?”

“होय, तेच.”

“मोबाईल करणाऱ्यानं गाडी करायची म्हणजे काय रे मर्दा! आम्हाला एका हौसिंगचं बोअर मापात बसवायला महिना जातोय. ह्यांनी तीन वर्षांत अख्खी गाडी उभी केली?”

वाजंत्री चालू होती, धड बोलता आलं नाही. पण प्रश्न खरा आहे. आपल्याकडं हिंडलगा असो की अनगोळ, दर चार घरांआड कुणीतरी फाउंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये पोट भरतंय. ज्यांच्या हाताला लोखंडाचा अंदाज आहे त्यांनाच हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो. म्हणून जमेल तितकं सोपं करून लिहितो.

आधी काय घडलं ते. शाओमी ही कंपनी २०१० साली बीजिंगमध्ये सुरू झाली. फोन, टीव्ही, पंखे, भात शिजवायचा कुकर असलं सगळं ती विकते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं तिचं नाव एका काळ्या यादीत टाकलं. उद्या फोनचा धंदाच कुणी अडवला तर काय, असा प्रश्न मालकांपुढं उभा राहिला आणि गाडीचा विषय तिथून पुढं आला. मे महिन्यात नाव यादीतून निघालं, पण तोवर निर्णय झाला होता. ३० मार्च २०२१ रोजी संस्थापक लेइ जून यांनी जाहीर केलं की दहा वर्षांत १० अब्ज डॉलर घालून कंपनी विजेवरची गाडी करणार. २८ मार्च २०२४ रोजी, म्हणजे तीन वर्षं भरायला दोन दिवस असताना, ‘एसयू७’ नावाची गाडी विक्रीला आली. साध्या मॉडेलची किंमत २,१५,९०० युआन, तेव्हाच्या भावानं साधारण २५ लाख रुपये. पहिल्या २७ मिनिटांत ५०,००० बुकिंग झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत १,३५,००० हून जास्त गाड्या लोकांच्या दारात पोचल्या.

आता “कसं काय?” या प्रश्नाकडं.

भिंत कुठली होती

गाडीच्या धंद्यात नवा माणूस सहजासहजी शिरत नव्हता याचं मुख्य कारण इंजिन. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला १०० स्फोट होतात. ते स्फोट ज्याच्या पोटात होतात तो सिलिंडर ब्लॉक ओतणं म्हणजे काय, हे भट्टीवर उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पाण्याच्या वाटा ठेवायला आत वाळूचे कोअर बसवायचे, भिंत सगळीकडं सारखी जाड यायला हवी, एक ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला की अख्खा ब्लॉक भंगारात. त्यावर क्रँक, पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो, मग गिअरबॉक्स. आणि २०२० पासून आपल्याकडं बीएस-६ चे नियम आले, म्हणजे सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं त्याचाही हिशेब. हे सगळं शिकायला कंपन्यांना पिढ्या लागल्या. नुसता पैसा ओतून ते ज्ञान बाजारात सहज विकत मिळत नव्हतं. ज्याच्याकडं होतं तो ते सहजासहजी देत नव्हता.

विजेच्या गाडीत ही भिंतच नाही. तिच्या मोटरीत फिरणारा भाग मुळात एक, तो म्हणजे रोटर. आपल्या ऊस-भाताच्या शेतात विहिरीवर जी मोटर चालते तिचीच ही सुधारलेली भावकी. फरक आहे तो ताकदीचा, लोहचुंबकाचा आणि वीज मोजून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा. गिअर बदलायचे नाहीत, क्लच नाही, रेडिएटरचं काम आहे पण बरंच थोडं.

मग अवघड काय उरलं? बॅटरी, ती सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स, पडदा आणि सॉफ्टवेअर. आता ही यादी पुन्हा वाचा. ही फोनचीच यादी आहे.

३,८०० फोन एका गाडीत

फोनची ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. २०२४ मध्ये आलेल्या एसयू७ च्या साध्या मॉडेलची बॅटरी ७३.६ किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या मीटरवरची ७३.६ युनिटं. भागाकार केला तर एका गाडीत जवळजवळ ३,८०० फोनच्या बॅटऱ्या बसतात. आपल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, बिलाच्या भाषेत सांगायचं तर गृहज्योती या मोफत वीज योजनेची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिटांची. ही गाडी रिकामी होऊन तीनदा पूर्ण भरली की ती ओलांडते.

पण ३,८०० फोन एका पेटीत भरले म्हणजे गाडीची बॅटरी झाली असं नव्हे. एक सेल जरा जास्त तापला तर शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. गंजीला एका कोपऱ्यात ठिणगी लागावी तसं. म्हणून प्रत्येक गटाचं तापमान आणि विजेचा दाब (व्होल्टेज) सतत मोजणारी यंत्रणा लागते, थंड करायला पाण्याच्या नळ्या लागतात आणि खालून दगड आपटला तरी टिकेल असं कवच लागतं.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. शाओमी गाडीचे सेल स्वतः करत नाही. साध्या मॉडेलचे सेल बीवायडीच्या उपकंपनीचे, वरच्या मॅक्स मॉडेलचे सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीचे. साध्या मॉडेलमधला प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे त्यात निकेल-कोबाल्टऐवजी लोह आहे. वजनाला जड, पण स्वस्त आणि तापायला सोशीक.

आणि ही बीवायडी तरी मूळची कोण? १९९५ साली शेन्झेनमध्ये सुरू झालेली बॅटरीची कंपनी. नोकिया आणि मोटोरोलाच्या फोनना ती बॅटऱ्या पुरवायची. २००३ मध्ये तिनं चिनचुआन नावाचा एक गाड्यांचा कारखाना विकत घेतला आणि गाड्यांत उतरली. म्हणजे फोनच्या दुनियेतून गाडीकडं जाणारी पायवाट शाओमीच्या किती तरी आधी कुणीतरी पाडून ठेवली होती.

लग्न कुणाचं, आचारी कुणाचा

मावसभावाला मी नंतर लग्नाचाच दाखला दिला. आज आचारी ठरवून मिळतो, मांडववाला मिळतो, खुर्च्या-भांडी भाड्यानं, वाजंत्री सांगलीहून. यजमानाला स्वतः भात शिजवता यायला हवा असं काही नाही. त्याला माणसं पारखता यायला हवीत, कुणी किती वाजता यायचं हे ठरवता यायला हवं आणि पैसे वेळेत द्यायला हवेत. विजेच्या गाडीचं तसं झालं आहे. सेल, मोटर, ब्रेक, काचा, सीट, कॅमेरे, सगळं करणारे वेगवेगळे. चीनमध्ये तर हे सगळे आचारी एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. फोनचा धंदा करणाऱ्याला हीच विद्या अवगत असते: शेकडो पुरवठादारांकडून माल वेळेत आणायचा, लाखांच्या संख्येत जोडायचा आणि एका दिवसात देशभर विकायला काढायचा.

अगदी परवान्याचंही तसंच. चीनमध्ये गाडी करायला सरकारी परवाना लागतो. शाओमीनं कारखाना स्वतःचा बांधला, पण सुरुवातीला गाड्या नोंदवल्या त्या बायक या सरकारी कंपनीच्या परवान्याखाली.

मग प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला हे का जमलं नाही? ॲपलनं २०१४ च्या सुमारास गुपचूप गाडीचं काम सुरू केलं आणि दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एकही गाडी विकायच्या आधी गुंडाळलं. त्यांना आपोआप चालणारी गाडी हवी होती. काय करायचं हेच मधल्या काळात सतत बदलत राहिलं. व्हॅक्यूम क्लीनर करणाऱ्या डायसनच्या मालकानं पदरचे ५० कोटी पौंड घातले, गाडी तयारही केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सांगितलं की ती परवडणाऱ्या भावात विकता येणार नाही. सोनीनं २०२० मध्ये नमुना दाखवला आणि नंतर होंडाबरोबर भागीदारी केली. हुआवेई ही चिनी फोन कंपनी म्हणते की आम्ही गाडी करत नाही, करणाऱ्यांना डोकं पुरवतो.

माझ्या मते फरक दोन गोष्टींचा आहे. एक, वर सांगितलेले आचारी जवळ असणं. दुसरी, तोटा सोसायची तयारी. २०२४ साली शाओमीच्या गाडी विभागाला ६.२ अब्ज युआनचा तोटा झाला. पहिला नफा दिसला २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत, सुमारे ७० कोटी युआन. तोवर फोन आणि टीव्हीच्या कमाईवर गाडी पोसली गेली. थोरल्या भावाच्या पगारावर धाकट्यानं शिकावं तसं.

९,१०० टन म्हणजे काय

आता आपल्या मतलबाचा भाग. बीजिंगच्या त्या कारखान्यात ९,१०० टनांचं एक डाय-कास्टिंग मशीन आहे. हा आकडा ऐकून मावसभावाच्या शॉपमधला एक जण म्हणाला, एवढं मोठं कास्टिंग उचलतंय कोण? तर ते कास्टिंगचं वजन नव्हे. ती साचा मिटून धरण्याची ताकद आहे.

वाळूच्या मोल्डमध्ये बीड ओतताना आपण वरच्या बॉक्सवर वजनं ठेवतो की नाही? का ठेवतो? आतलं पातळ बीड वरच्या बॉक्सला उचलायला बघतं. वजन कमी पडलं की जोडातून रस फुटतो. तिथं तर धातू नुसता ओतत नाहीत. सातशे अंशांच्या आसपास तापलेलं ॲल्युमिनियम पोलादी साच्यात जोरानं, निमिषात दाबून भरतात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर तो दाब आला की साचा उघडू पाहतो. तो घट्ट मिटून राहावा म्हणून ९,१०० टन.

यातून गाडीच्या मागच्या तळाचा अख्खा भाग एका दमात निघतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार आधी जिथं ७२ वेगळे तुकडे लागायचे तिथं एक तुकडा आणि ८४० वेल्डिंगची ठिकाणं वाचली. वेल्डरचं काम, जिगचं काम, प्रत्येक तुकड्याच्या डायचं काम, सगळं त्या एका मशीनच्या पोटात गेलं.

मला यातली एक बाजू टोचते आणि ती सांगायलाच हवी. पत्र्याची गाडी मागून ठोकली तर डेंटिंगवाला पत्रा काढतो, ठोकतो, नवा तुकडा वेल्ड करतो. ओतीव ॲल्युमिनियम ठोकून सरळ होत नाही. ते तडकतं. मोठा मार बसला तर दुरुस्ती किचकट आणि महाग, आणि त्याचा भार शेवटी विम्याच्या हप्त्यावर येतो. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी घासली नाही असा माणूस आपल्याकडं विरळा. तेव्हा अशा पद्धतीनं बनवलेली कुठलीही गाडी घेताना मागच्या तळाला मार बसला तर दुरुस्ती कशी करतात, हे शोरूममध्ये तोंडावर विचारावं.

जिथं फोनची सवय चालत नाही

फोन अडकला तर आपण बंद करून चालू करतो. घाट उतरताना ब्रेकला ते चालत नाही. म्हणून गाडीत पडदा चालवणारा संगणक वेगळा आणि ब्रेक-स्टिअरिंग सांभाळणारे वेगळे ठेवतात. पडदा काळा पडला तरी ब्रेक लागायला हवा. गाडीत जबाबदारीच्या जागी बसणाऱ्या चिपांची चाचणी उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत होते. फोनच्या चिपेला असल्या परीक्षेला कुणी बसवत नाही. आणि फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो, गाडी मात्र पंधरा वर्षं वापरून पुन्हा पाहुण्यांना विकतो.

२९ मार्च २०२५ च्या रात्री चीनच्या आनहुई प्रांतात एक्सप्रेसवेवर एका एसयू७ ला अपघात झाला. तीन तरुणी गेल्या. कंपनीनं दिलेल्या माहितीनुसार गाडी चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेवर ताशी ११६ किलोमीटरनं जात होती. पुढं रस्त्याचं काम चालू होतं. यंत्रणेनं इशारा दिला, चालकानं ताबा घेतला आणि काही सेकंदांत गाडी कठड्यावर आदळली. तेव्हा वेग सुमारे ९७ होता. यानंतर चीन सरकारनं कंपन्यांना बजावलं की चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेची जाहिरात “गाडी स्वतः चालते” अशा थाटात करायची नाही.

या सूचनेचं महत्त्व आपल्या रस्त्यावर जास्त आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावर निपाणीपासून बेळगावपर्यंत रुंदीकरणाची वळणं, उसाचे ट्रॅक्टर आणि रात्री दिवे नसलेल्या ट्रॉल्या. ट्रॉलीच्या मागं लाल कापडसुद्धा नसतं. कॅमेऱ्याला जे शिकवलेलं नाही ते त्याला ओळखू येत नाही, आणि “मदत” या शब्दाचा अर्थ मदतच घ्यायचा. हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर.

सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं १,१६,८८७ एसयू७ गाड्या याच यंत्रणेतली त्रुटी दूर करण्यासाठी परत बोलावल्या. परत बोलावल्या म्हणजे गाडी वर्कशॉपला न्यायची नव्हती. फोनवर रात्री अपडेट येतं तसं गाडीत नवं सॉफ्टवेअर आलं. सोय मोठीच आहे. पण माझ्या मनात येतं, घरी बसून सुधारता येतं म्हटल्यावर गाडी पूर्ण तयार व्हायच्या आधी बाहेर काढायचा मोह वाढत असेल. फोनमध्ये आपण तो मोह खपवून घेतला, गाडीत घेऊ नये.

दाराच्या हँडलचंही असंच. सपाट, आत लपणारं, विजेवर उघडणारं हँडल दिसायला देखणं. अपघातात वीज गेली तर बाहेरच्या माणसानं दार उघडायचं कसं? चीननं नियम केला आहे की १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलांना आतून-बाहेरून यांत्रिक पद्धतीनं उघडणारं हँडल हवंच. लग्नात भात कमी पडला की पाहुणे आचाऱ्याला बोलत नाहीत, यजमानाला बोलतात. सेल कुणाचा, कॅमेरा कुणाचा हे गाडीत बसणाऱ्याला ठाऊक नसतं. बॉनेटवर ज्याचं नाव, जबाब त्यानं द्यायचा.

आपल्या भट्ट्यांचं काय

ही गाडी आपल्याकडं विकत मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये बेंगळूरला शाओमीनं ती दाखवायला आणली होती, तेवढंच. बाहेरून तयार गाडी आणली तर ७० टक्के किंवा त्याहून जास्त आयात कर आणि चिनी कंपनीला इथं कारखाना टाकायचा तर एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारची वेगळी मंजुरी लागते. त्यामुळं उद्या सकाळी खडेबाजारात ती दिसेल असं नाही.

पण बदल गाडीच्या नावावर अवलंबून नाही. टाटा आणि महिंद्रा विजेच्या गाड्या करतच आहेत. त्यांतही ब्लॉक नाही, फ्लायव्हील नाही, क्लचचं हाउसिंग नाही. ज्या शॉपची सगळी भिस्त इंजिनाच्या दोन-तीन पार्टवर आहे, त्यानं आत्ताच दुसरं गिऱ्हाईक शोधावं असं मला कळकळीनं वाटतं. बेळगावचं बरं आहे ते असं की इथलं काम गाड्यांपुरतं नाही. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्सचं सामान यात गावाचं नाव आहे, आणि ट्रॅक्टरचं इंजिन इतक्यात कुठं जात नाही.

ॲल्युमिनियमकडं वळणं बोलायला सोपं आहे. भट्टी वेगळी, डाय महाग, साच्यात हवा अडकण्याचे प्रश्न वेगळे. हिंडाल्कोचा बेळगावचा कारखाना बॉक्साइटपासून ॲल्युमिना, म्हणजे धातूच्या आधीची भुकटी, काढतो, धातू नव्हे. त्याच कंपनीनं चाकणला महिंद्राच्या विजेच्या गाड्यांसाठी बॅटरीची ॲल्युमिनियम कवचं करायला घेतली आहेत. मोटरीची हाउसिंग, इन्व्हर्टरची झाकणं, बॅटरीच्या पेटीचे कोपरे, ही लहान कामं मध्यम शॉपला जमण्यासारखी आहेत. त्यांना ९,१०० टनांचं मशीन लागत नाही, पण गळतीची चाचणी कडक असते. आत पाणी शिरलं की खेळ संपला.

हे लिहून झाल्यावर मावसभावाला वाचायला पाठवलं. रात्री दहाला त्याचा फोन.

“ते वजन किती म्हणालास रे त्या गाडीचं?”

मी लिहिलंच नव्हतं. साध्या मॉडेलचं १,९८० किलो, मी सांगितलं.

“दोन टन. मग ब्रेकची डिस्क कशाची असतीया?”

महागड्या मॉडेलात सिरॅमिकची येते. बाकी बहुतेक सगळ्या गाड्यांत, विजेच्या असोत की पेट्रोलच्या, राखाडी बिडाचीच. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळं उष्णता लवकर पसरते आणि थरथर जिरते, म्हणून अजून तरी तिला स्वस्त पर्याय सापडलेला नाही. फक्त विजेच्या गाडीत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळं डिस्क कमी वापरली जाते आणि आपल्याकडच्या पावसात तिला गंज लवकर धरतो. गंज न धरणारा लेप द्यायचं काम त्यामुळं वाढतंय.

पलीकडं थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, “ड्रॉइंग कुठं मिळतंय काय, बघ की.”